येणं वेगळं, शिकवणं वेगळं: विमान शिकवणारे कसे घडवतात आणि आपल्या दुकानाला त्यातून काय घेता येईल



नव्या माणसाला तयार करण्याबद्दलच्या व्हिडिओत मी विमान शिकवणाऱ्यांचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. तो विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो, कारण तिथूनच मी या विषयात शिरलो.

माझं वळसंगला हार्डवेअर आणि मोटारपंपाचं दुकान आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक नवा मुलगा कामाला घेतला. आयटीआय झालेला, चुणचुणीत. त्याला शिकवायचं काम आमच्या मामांकडे दिलं. मामा वडिलांच्या काळापासून दुकानात आहेत. गिऱ्हाईक पायरी चढताना बघूनच त्याला काय लागणार हे ओळखतील असा माणूस. मला वाटलं, यांच्याहून चांगला मास्तर कुठे मिळणार?

महिनाभरानं मी एका लग्नाला गेलो होतो आणि मामा सुट्टीवर होते. एका शेतकऱ्यानं पाच एचपीच्या मोटारीसाठी केबल मागितली. मुलानं अडीच एमएमची केबल मोजून दिली. पाच एचपीला मामा तीच देतात, हे त्यानं वीस वेळा बघितलं होतं. पण या शेतकऱ्याची बोअर साडेतीनशे फूट खोल होती आणि मीटरच्या पेटीपासून आणखी नऊशे फूट लांब. एवढ्या अंतरावर बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, मोटार जास्त करंट ओढते आणि वायंडिंग तापतं. आठ-दहा दिवसांत मोटार जळाली. एप्रिल महिना, रानात उभा ऊस. रिवायंडिंग आणि जाड केबल मी माझ्या खिशातून दिली, पण उसाला चुकलेलं पाणी मी कुठून देणार होतो?

मामांना विचारलं, "अंतर विचारायचं असतं, हे त्याला सांगितलं नव्हतं का?"

मामा म्हणाले, "ते काय सांगायचं मालक? ते विचारायचंच असतं की."

मग मी दोन दिवस मामांच्या शेजारी उभा राहून नुसतं बघितलं. केबलचं गिऱ्हाईक आलं की मामा हसत विचारायचे, "कुठलं रान तुमचं? ओढ्याकडचं का रस्त्याकडचं?" मुलाला वाटायचं, म्हातारा गप्पा मारतोय. पण मामा त्या एका प्रश्नातून अंतर काढत होते. त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

मुलाची चूक नव्हती. मामांचीही नव्हती. चूक माझी होती. ज्याला काम येतं त्याला शिकवता येतंच, असं मी धरून चाललो होतो.

जिथे चूक जीवावर बेतते, तिथे काय करतात?

त्यानंतर मी शोधायला लागलो की शिकवण्यातली चूक जिथे परवडतच नाही, तिथे शिकवणारी माणसं कशी तयार करतात. शोधता शोधता विमानापाशी पोचलो. मी पायलट नाही, हे आधीच सांगतो. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं, म्हणजे एफएएनं, विमान शिकवणाऱ्यांसाठी 'एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक' काढलंय. ते इंटरनेटवर फुकट मिळतं. मी ते उघडलं आणि चकित झालो. विमानाच्या पुस्तकात कितीतरी पानं माणूस कसा वागतो, कसा शिकतो, का विसरतो आणि का घाबरतो यावरच आहेत.

ही अक्कल विमानवाल्यांनाही जन्मतः आली नव्हती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात शिकवण्याची धड पद्धतच नव्हती. आघाडीवर थकलेला पायलट परत आला की त्याला शिकवायला बसवायचे. त्याला उडवता येतं ना, मग शिकवेल की! गोंगाटात ओरडून आणि हातवारे करून शिकवणं चालायचं. शत्रूची गोळी लागण्याआधी, शिकतानाच कित्येक तरुण मरत होते.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याला हे सहन झालं नाही. त्यानं वरिष्ठांच्या मागे लागून १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला वेगळी शाळा उभी केली. तिथे पायलटांना 'शिकवायचं कसं' हे शिकवलं जायचं. त्यानं तीन गोष्टी केल्या. विमानात दोघांच्याही हातात नियंत्रण दिलं. शिकवणाऱ्याच्या तोंडापासून शिकणाऱ्याच्या कानापर्यंत रबरी नळी लावली, म्हणजे बोलणं ऐकू येईल. आणि धोक्याच्या स्थितीपासून विद्यार्थ्याला लांब ठेवण्याऐवजी, मास्तर शेजारी असताना त्या स्थितीत नेऊन बाहेर पडायला शिकवलं. गॉस्पोर्टची पद्धत पुढे जगभर पसरली.

आपल्याकडे हवाईदलाची फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झाली आणि आता ती चेन्नईजवळ तांबरमला आहे. तिथे येणारे आधीच मुरलेले पायलट असतात. तरी त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं.

आपल्या महाराष्ट्राचंच बघा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, ते मुंबईत शिकून. आज बारामती, धुळे, गोंदिया इथे विमान चालवायला शिकवलं जातं. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. पण एवढे तास पूर्ण झाले म्हणून कुणी मास्तर होत नाही. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग वेगळं घ्यावं लागतं आणि त्यातही दोन पायऱ्या आहेत. आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर. पहिल्या पायरीवरचा माणूस सीनियरच्या देखरेखीखाली शिकवतो.

अमेरिकेत तर इन्स्ट्रक्टर होऊ पाहणाऱ्याला फक्त 'शिकवण्याच्या मूलतत्त्वांचा' एक वेगळा पेपर द्यावा लागतो. त्यात विमान कसं उडवायचं हे विचारत नाहीत. आणि गंमत म्हणजे, ज्याच्याकडे हायस्कूल शिक्षकाचं चालू प्रमाणपत्र आहे, त्याला या पेपरातून सूट मिळते. म्हणजे शिकवणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, हे त्यांनी नियमातच मान्य केलंय.

अंगवळणी पडलेलं काम जिभेवर येत नाही

आता मूळ प्रश्न. ज्याला काम उत्तम येतं, त्याला शिकवताना अडचण का येते?

फिट्स आणि पोस्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हाताचं कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्था मांडल्या. पहिल्या अवस्थेत माणूस प्रत्येक पाऊल मनात म्हणत करतो. मोटारसायकल शिकताना 'क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड' असं आपण म्हणत होतो, ती ही अवस्था. दुसरीत चुका कमी होतात, हालचाली एकमेकींना जोडल्या जातात. तिसरीत काम अंगवळणी पडतं. हात आपोआप चालतात आणि डोकं दुसऱ्या विचारासाठी मोकळं होतं.

तिसरी अवस्था काम करणाऱ्यासाठी वरदान आहे आणि शिकवणाऱ्यासाठी अडचण. कारण पावलं आता शब्दांत राहिलेलीच नसतात. घरी आईला विचारून बघा, भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं? उत्तर येईल, "अंदाजानं घाल." आई लपवत नाही. तिच्या बोटांना कळतं, पण ते तिच्या जिभेवर येत नाही.

याच्यावर एक छान प्रयोग आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली. समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. रात्री घरी करून बघा, लगेच पटेल.

आमचे मामा त्या मुलासमोर महिनाभर टकटक करत होते. गाणं मामांच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या खुर्चीत बसवतात

मग विमानवाले हे गाणं डोक्यातून बाहेर कसं काढतात? पहिली युक्ती अगदी साधी आहे. ते पायलटाची खुर्ची बदलतात.

लहान विमानात पायलट डावीकडे बसतो आणि इन्स्ट्रक्टर उजवीकडे. सेस्ना १७२ घ्या. डावीकडे बसलेल्याचा डावा हात स्टिअरिंगसारख्या योकवर असतो आणि उजवा थ्रॉटलवर. उजवीकडे गेलं की हात उलटे होतात. समोरचं दृश्य सरकतं. महत्त्वाचे काटे तिरके दिसतात. इतकी वर्षं आपोआप होणारं लँडिंग परत अवघड होतं. म्हणजे माणूस काही काळ तिसऱ्या अवस्थेतून पहिलीत येतो आणि प्रत्येक गोष्ट त्याला पुन्हा जाणीवपूर्वक करावी लागते.

दुसरी युक्ती म्हणजे बोलणं. विमान उडवता उडवता, हात जे करतोय तेच नेमकं त्या क्षणी तोंडानं सांगायचं. याला तिथे 'पॅटर' म्हणतात. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पायलट आधी करून मोकळा होतो आणि सांगणं मागून येतं, नाहीतर सांगण्याच्या नादात हात थांबतो.

लँडिंगचं उदाहरण घ्या. लहान विमान साधारण ६५ नॉट्सनं, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, धावपट्टीकडे येतं. जमीन काही फुटांवर राहिली की नाक हळू वर घ्यायचं, म्हणजे चाकं अलगद टेकतात. नवा इन्स्ट्रक्टर सांगतो, "आता हळू ओढ." विद्यार्थी विचारतो, "आता म्हणजे केव्हा?" इथे गाडी अडते. मग सीनियर त्याला खोदून विचारतो, "तू स्वतः त्या वेळी कुठे बघतोस?" विचार करून तो म्हणतो, "धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे." हीच ती चावी! नवा विद्यार्थी नाकासमोरच्या जमिनीकडे बघतो. तिथे सगळं वेगानं पळताना दिसतं आणि उंचीचा अंदाज चुकतो. 'हळू ओढ' शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते 'लांबच्या टोकाकडे बघ' एवढ्यानं सुधारायला लागतं.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडली. सीनियर स्वतः डावीकडे बसून विद्यार्थ्याचं सोंग घेतो. मुद्दाम नवशिक्यासारख्या चुका करतो, भलतेच प्रश्न विचारतो, घाबरल्याचं दाखवतो. होणाऱ्या मास्तराला चूक ओळखायची, तिचं कारण शोधायचं आणि दुरुस्त करायचं असतं. खऱ्या विद्यार्थ्यावर हात साफ करण्याआधी हा सराव होतो.

हँडबुकमध्ये करून दाखवण्याचे चार टप्पे दिलेत:

१. मास्तर सांगतो, मास्तर करतो.
२. विद्यार्थी सांगतो, मास्तर करतो.
३. विद्यार्थी सांगतो, विद्यार्थी करतो.
४. विद्यार्थी करतो, मास्तर तपासतो.

आपण बहुतेक दुकानदार पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतो. त्यातही पहिल्यातलं 'सांगतो' गाळतो. दुसरा टप्पा सोन्यासारखा आहे. काम तुमच्या हातात, त्यामुळे नुकसान होणार नाही. पण 'आता काय करू?' हे मुलानं सांगायचं. त्याच्या डोक्यात काय बसलंय आणि काय सुटलंय, ते तिथेच उघडं पडतं.

पाठ होणं म्हणजे कळणं नव्हे

इन्स्ट्रक्टरला शिकण्याच्या चार पायऱ्या ओळखायला शिकवतात: पाठांतर, समज, वापर आणि जोडणी. नुसती नावं वाचून काही कळत नाही, म्हणून 'स्टॉल'चं उदाहरण घेऊ.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला, साधारण १६ ते २० अंशांपलीकडे, की पंखावरून हवा नीट वाहत नाही आणि उचल एकदम घटते. विद्यार्थी पाठ करतो, "वेग कमी झाला की स्टॉल." ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर त्याला कळतं की खरं कारण कोन आहे. तिसऱ्यावर तो उंच हवेत, मास्तर शेजारी असताना, विमान स्टॉल करतो आणि नाक खाली घेऊन बाहेर पडतो.

चौथी पायरी वेगळी आहे. समजा तो एकटा उतरतोय. शेवटचं वळण थोडं उशिरा घेतलं, धावपट्टी एका बाजूला राहिली. मन म्हणतं, अजून वळव, अजून ओढ. अशा वेळी त्याच्या डोक्यात दिवा लागला पाहिजे की जोरात वळताना स्टॉल जास्त वेगातही होतो. उंची न गमावता ६० अंश कलून वळलं, तर स्टॉलचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. आणि इथे सावरायला उंचीच नाही. तेव्हा हट्ट सोडायचा, परत वर जायचं आणि पुन्हा फेरी मारून यायचं. स्टॉलचा धडा एका दिवशी झाला, वळणाचा दुसऱ्या दिवशी. दोन्ही धडे त्या क्षणी एकत्र आठवणं, ही जोडणी.

आमचा मुलगा पहिल्या पायरीवर होता. 'पाच एचपीला अडीच' हे त्याचं पाठांतर. ते वीस गिऱ्हाइकांना चाललं, एकविसाव्याला नडलं. लक्षात घ्या, पहिल्या वीस वेळा तो बरोबरच दिसत होता. उत्तर बरोबर आलं म्हणजे समज आली, असं नाही. म्हणून चांगला इन्स्ट्रक्टर 'कळलं का?' विचारत नाही. त्याला 'हो'च उत्तर येतं. तो विचारतो, "वारा उलट दिशेनं असता तर काय केलं असतंस?"

आधी शिकलेलं आडवं येतं

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांना कोड्याच्या पेटीत ठेवून प्रयोग केले. ज्या हालचालीनं दार उघडून खाऊ मिळतो, ती मांजर पुढच्या वेळी लवकर करायला लागते. यातून त्यानं पुढे शिकण्याचे नियम मांडले: मनाची तयारी असेल तर माणूस शिकतो, सरावानं पक्कं होतं आणि ज्याचा शेवट समाधानात होतो ते टिकतं. विमान शिकवणाऱ्यांनी या यादीत पुढे आणखी भर घातली. त्यातला आपल्या कामाचा नियम असा: पहिल्यांदा शिकलेलं खोल बसतं.

याचं मजेशीर उदाहरण पहिल्याच दिवशी दिसतं. जमिनीवर विमान चालवणं, म्हणजे टॅक्सी करणं, हे पायांनी होतं. रडरच्या पेडलांनी दिशा बदलते. पण ज्याला कार येते तो योक हातात धरून कारच्या स्टिअरिंगसारखं फिरवत राहतो आणि विमान सरळ गवताकडे जातं. नव्या इन्स्ट्रक्टरला वाटतं, विद्यार्थी मंद आहे. तसं नसतं. त्याचं जुनं ज्ञान आडवं येतंय. उपाय एकच, काही वेळ हात मांडीवर ठेवायला सांगायचं.

तुमच्याकडे दुसऱ्या दुकानातून 'अनुभवी' माणूस आला की हेच होतं. तो आळशी नसतो. तिथल्या मालकानं लावलेली सवय त्याच्या हातात असते. त्याला रागावण्याआधी, जुनी कोणती सवय आडवी येतेय ते शोधा.

मनाची तयारी हा नियमही तिथे फार गंभीरपणे घेतात. कॉकपिट ही शिकवायला वाईट जागा आहे. आवाज, भीती, रेडिओ आणि तासाला हजारो रुपये खर्च. म्हणून नवीन गोष्ट आधी जमिनीवर, फळ्यावर समजावतात. हवेत फक्त करून बघायचं. आपण मात्र नव्या पोराला बाजाराच्या दिवशी, काउंटरला पाच गिऱ्हाइकं उभी असताना शिकवतो आणि वर म्हणतो, "लक्षच नाही याचं!"

हात केव्हा घालायचा?

आता सगळ्यात अवघड भाग. विद्यार्थी चुकतोय. मास्तरनं नियंत्रण केव्हा घ्यायचं?

लवकर घेतलं तर विद्यार्थी कधीच शिकणार नाही. त्याला वाटेल, सर आहेतच. उशीर केला तर दोघंही संपले. नवे इन्स्ट्रक्टर बहुतेक पहिली चूक करतात. हात सतत योकजवळ, हळूच दाब देत राहतात. विद्यार्थ्याला वाटतं, लँडिंग मी केलं. पुढे तो एकटा गेला की खरं कळतं.

म्हणून इन्स्ट्रक्टरला आधीच हद्द ठरवायला शिकवतात. इतका वेग, इतकी उंची, इतका कल. हद्दीच्या आत तोंडानं सांगायचं किंवा गप्प बसायचं. हद्द ओलांडली की हात घालायचा, आणि तोही चोरून नाही. नियंत्रण देताना 'यू हॅव कंट्रोल', घेताना 'आय हॅव कंट्रोल' असं मोठ्यानं म्हणायचं. समोरच्यानंही ते उलट म्हणून पक्कं करायचं. कारण विमान नेमकं कुणाच्या हातात आहे याबद्दल गैरसमज झाला, की दोघांनाही वाटतं दुसरा चालवतोय.

आपल्या धंद्यात हा गैरसमज रोज होतो. पोराला म्हणतो, "आजपासून उधारीचं तू बघ." आणि संध्याकाळी मागच्या दारानं आपणच दोन जणांना उधार देतो. मग वही कुणाची? जबाबदारी द्यायची तर बोलून द्या, परत घ्यायची तर बोलून घ्या.

उतरल्यावर बसून बोलणं हाही धड्याचाच भाग असतो. तिथे आधी विद्यार्थ्याला विचारतात, "तुझं तुला काय वाटलं?" मग मास्तर बोलतो. दहा चुका झाल्या असल्या तरी मुळाशी असलेली एक-दोन निवडतो. आणि एक गोष्ट नव्या मास्तराला बजावून सांगतात: प्रगती सरळ रेषेत होत नाही. काही दिवस गाडी अडते, कधी मागेही जाते. हे पठार नेहमीचं आहे. तिथे मास्तर चिडला, तर चांगला विद्यार्थी सोडून जातो.

मी माझ्या दुकानात काय बदललं

विमानाचं नियमपुस्तक दुकानात जसंच्या तसं आणू नका. मी एवढंच केलं आणि ते टिकलं.

पहिलं, मामांची खुर्ची बदलली. एक आठवडा मी मुद्दाम नवा नोकर झालो. मामांनी तोंडानं सांगायचं, मी करायचं. त्यांनी जे सांगितलं नाही, ते मी केलं नाही. पहिल्या दिवशी ते माझ्यावर वैतागले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थांबा मालक, यात पण एक सांगायचं राहिलं की!" त्या आठवड्यात एक वही भरली. केबलच्या पानावर पहिलाच प्रश्न आहे: मीटरपासून बोअर किती लांब, बोअर किती खोल?

दुसरं, नवं काही शिकवायचं ते दुपारी दोन ते तीन, गिऱ्हाईक नसताना. बाजाराच्या दिवशी फक्त सराव.

तिसरं, चार टप्पे. प्रत्येक कामात मुलगा 'तोंडानं सांगून' पास झाल्याशिवाय हाताला काम नाही.

चौथं, हद्द लिहून ठेवली. अमुक रकमेपर्यंतचा माल मुलगा स्वतः ठरवून देईल, मी मध्ये बोलणार नाही. मोटार, केबल, स्टार्टर असेल तर फोन करूनच. हद्दीच्या आतल्या चुकीचा खर्च मी शिकवण्याची फी म्हणून धरतो.

पाचवं, संध्याकाळी दहा मिनिटं. आधी तो बोलतो, मग मी. एकच सुधारणा.

तो मुलगा आजही माझ्याकडे आहे. परवा मी आतून ऐकत होतो. केबलचं गिऱ्हाईक आलं होतं. हा विचारत होता, "काका, रान कुठल्या बाजूला तुमचं?" आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या पोराला हळूच सांगत होता, "हे गप्पा मारायला विचारत नाही बरं का, अंतर काढायला विचारतोय."

दुसरी शाखा काढायची, घरी बसूनही धंदा चालावा, मुलीच्या परीक्षेला चार दिवस सुट्टी घ्यावी, असं तुम्हाला वाटत असेल, तर भांडवलाच्या आधी हे लागतं. काम येणारी माणसं मिळतात. काम शिकवू शकणारी माणसं घडवावी लागतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातलं एक काम निवडा, जे तुम्ही डोळे मिटून करता. ते करताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत प्रत्येक पाऊल बोला. मग ती रेकॉर्डिंग धंद्यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि फक्त तेवढ्यावर ते काम करायला सांगा. तो जिथे अडेल, तिथे तुमची टकटक आहे. वहीचं पहिलं पान तिथूनच सुरू करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.